फ्लूची मोठी साथ आली तर कॉलेज चालू कसं ठेवायचं? आराखडा लिहायचाय, मदत करा

भूगोलाचे_सर

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजात शिकवतो. गेल्या आठवड्यात आयक्यूएसीची (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता समितीची) मीटिंग होती, त्यात प्राचार्यांनी सहज विचारलं की उद्या फ्लूची मोठी साथ आली तर आपल्याकडे काही लिहिलेलं आहे का. सगळे खाली टेबलाकडे बघायला लागले आणि मी नेमकी त्याच वेळी मान वर केली. झालं. पंधरा दिवसांत मसुदा द्यायचाय.

नेटवरून अमेरिकेतल्या दोन-तीन विद्यापीठांचे आराखडे उतरवून घेतले, एकेक साठ-सत्तर पानांचा, त्यात इन्सिडेंट कमांडर काय, कम्युनिकेशन टीम काय. आमच्याकडे कमांडर म्हणजे हेडक्लार्क आणि कम्युनिकेशन टीम म्हणजे नोटीस बोर्डाची किल्ली असलेला शिपाई. ते मराठीत उतरवून देऊन टाकायचा मोह होतोय पण उपयोग काय.

आमची परिस्थिती अशी की २६०० मुलं, मुलींचं हॉस्टेल १८०चं, मुलांचं ११०चं, साठेक शिक्षक आहेत पण त्यातले निम्मे तासिका तत्त्वावर, मायक्रोबायोलॉजीची बरी लॅब आहे. कोविडमध्ये जे केलं तेच तारीख बदलून लिहायचं का? का फ्लूचं गणित वेगळं असतं? ज्यांनी २००९चा स्वाइन फ्लू नाहीतर २०२० कॉलेजच्या आतून बघितलंय त्यांनी जरा सांगा, प्लीज.

खवचट_पेठकर

सोप्पंय सर. पान एक, सुट्टी जाहीर. पान दोन, सुट्टी वाढवली. पान तीन, परीक्षा कधी हे विद्यापीठ कळवेल. स्पायरल बाइंडिंग करून द्या, कॉलेज तपासायला येणाऱ्या नॅकला पण चालेल.

पीएसएमवाली

पेठकर, हसले खरं, पण खरंच बहुतेक ठिकाणी तेवढंच असतं.

सर, मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये आहे. कोविडचंच परत लिहू नका. फ्लू भराभर पसरतो, लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, साधारण दोन दिवस धरा, आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्याला द्यायला लागतो, पुढे पाच-सात दिवस देत राहतो. म्हणजे तुम्ही मीटिंग बोलवून कमिटी नेमेपर्यंत हॉस्टेलचा एक मजला आडवा झालेला असतो. पण जातो पण लवकर. एका गावातली लाट सहा ते आठ आठवड्यांची धरून नियोजन करतात. वर्षभर ऑनलाइन वगैरे डोक्यातून काढा, दीड-दोन महिने कसेबसे तग धरून राहायचं आणि मग दुसऱ्या लाटेची तयारी ठेवायची असा तो मामला आहे. दुसरी हलकीच असेल असं पण धरू नका, १९१८ला मुंबईत जूनमध्ये आलेली लाट त्या मानाने सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जी आली तिने माणसं नेली.

वयाचं पण बघा. कोविडमध्ये आपण म्हाताऱ्यांना जपत होतो. २००९चा एच१एन१ (म्हणजे तोच स्वाइन फ्लू) पोराटोरांना जास्त लागला, साठीच्या पुढच्यांच्या अंगात जुन्या विषाणूंमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती होती. १९१८ला तर वीस ते चाळीसमधलेच फार गेले. म्हणजे कॉलेजात तुमच्यासमोर बाकावर बसलेत तेच. आणि लस पहिल्या लाटेत मिळणार नाही असंच धरून चाला, २००९च्या एप्रिलमध्ये विषाणू सापडला आणि आपल्या देशात बनलेली लस २०१०च्या जून-जुलैत आली. गोळ्या आहेत, ऑसेल्टामिविर, पण त्या पहिल्या ४८ तासांत सुरू केल्या तर खरा फायदा, म्हणून हॉस्टेलला बांधलेला एक डॉक्टर आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक, आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, हिवाळ्याच्या शेवटी परत थोडा. म्हणजे नेमके अ‍ॅडमिशन संपून नवीन मुलं हॉस्टेलला आलीत, एका खोलीत तिघं कोंबलेत, खिडक्या पावसामुळे बंद, असा मुहूर्त. जूनमध्ये आराखडा तयार पाहिजे, दिवाळीनंतर नाही.

तिकडच्या आराखड्यातला एकच आकडा उचला. लोकसंख्येपैकी ३० टक्के आजारी पडतील आणि ऐन भरात ४० टक्के कर्मचारी कामावर नसतील, स्वतः आजारी म्हणून, घरी कोणी आजारी म्हणून, पोरांच्या शाळा बंद म्हणून, नाहीतर नुसत्या भीतीनं. बाकी साठ पानं त्या ४० टक्क्यांचीच आहेत.

रेक्टरबाई

मी बोलते आता. २००९ला पुण्यात एका मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते, आता रिटायर आहे, त्यामुळे वेळच वेळ, लांब लिहिलं तर चालवून घ्या.

३ ऑगस्टला पुण्यात ती शाळकरी मुलगी गेली, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू. त्या दिवसापर्यंत सगळे चेष्टेवारी नेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑफिसचा फोन थांबेना. नांदेड, जळगाव, लातूर, सगळीकडून आईवडील, आमच्या मुलीला पाठवून द्या. मग शाळा-कॉलेजं आठवडाभर बंदचा हुकूम आला आणि हॉस्टेल दीड दिवसात रिकामं. आज विचाराल तर मला सगळ्यात जास्त तीच गोष्ट खुपते. कोणाला ताप आहे, कोणाला कणकण आहे, काही बघितलं नाही. गेटवर सही केली, बॅग उचलली, स्वारगेट नाहीतर शिवाजीनगर स्टँड. गच्च भरलेल्या एसटीत बसून पुण्याची साथ आम्हीच गावोगावी पोचवली असणार, मोजली कोणी नाही एवढंच. तर सर, हॉस्टेल बंद करायचं की नाही हा एक प्रश्न, पण सोडताना कसं सोडायचं हे आधी लिहा. जाणाऱ्या प्रत्येकीचा ताप गेटवर बघायचा, असेल तर ती थांबणार, आणि थांबली तर तिची सोय आपण करणार. हे पालकांना अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवरच लिहून द्या, ऐन वेळी बाप गेटवर भांडतो तेव्हा कागद उपयोगी पडतो.

दुसरं म्हणजे हॉस्टेल कधीच पूर्ण रिकामं होत नाही. माझ्याकडे चाळीसएक मुली उरल्या. ईशान्येकडच्या, दोघी नेपाळच्या, आणि काही अशा की ज्यांच्या घरून निरोप आला, आजी आजारी आहे तू येऊ नको. मेसवाल्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, चाळीस पानांसाठी परवडत नाही, दोन आचारी गावी पळालेत, मी बंद करतो. काँट्रॅक्टमध्ये त्याबद्दल ओळ नव्हती. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी आणि मी सहा दिवस पिठलं-भात केला. मावशींना त्याचे पैसे मिळवून द्यायला मला डिसेंबर उजाडला, कारण कुठल्या हेडखाली दाखवायचं ते अकाउंट्सला कळेना. मेसच्या करारात किमान पानांची अट साथीत लागू नाही असं घाला आणि थोडी रक्कम रेक्टरच्या हातात राहू द्या.

आजारी मुलींसाठी तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या, ज्यांना स्वतंत्र बाथरूम होतं त्याच. तिथे एक थर्मामीटर, एक वही. आम्ही तिला तापाची वही म्हणायचो, सकाळ-संध्याकाळ नोंद. प्रत्येक आजारी मुलीला एक मैत्रीण नेमून दिलेली, तिनं आत जायचं नाही, फोन करायचा, डबा दाराशी ठेवायचा, आणि दोन वेळा फोन उचलला नाही तर मला उठवायचं. रात्री तीनला एकदा उठवलं पण, मुलीला धाप लागलेली, रिक्षानं घेऊन गेलो, वेळेवर गेलो म्हणून बरं झालं. नाहीतर उलटं पण बघितलंय, साध्या सर्दीवाल्या मुली घाबरून नायडू हॉस्पिटलच्या रांगेत चार-चार तास उभ्या राहिल्या, पुढेमागे खोकणारे लोक. काहीच नसलेलीला रांगेतच लागायची भीती. कधी दवाखान्यात जायचं आणि कधी खोलीतच पडून राहायचं हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

आणि हो, त्या वेळी प्रत्येकीच्या गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी होती. मी पण बांधली होती, खोटं कशाला बोलू. तोंडाला बांधायचं मात्र पुण्याच्या मुलींना शिकवावं लागलं नाही, स्कूटीवरचा स्कार्फ होताच.

खवचट_पेठकर

बाई, एक नंबर. पुरचुंडी आमच्याकडे आजोबांनी सगळ्या घराला वाटली होती, शेजारच्यांना पण.

आमची_पीएचडी_संपेना

रेक्टरबाईंनी मैत्रीण नेमून दिली म्हणाल्या ते वाचून गंमत वाटली, कारण त्याच सुमारास ब्रिटनमध्ये सरकारच लोकांना सांगत होतं की एक फ्लू फ्रेंड ठरवून ठेवा, जो तुमच्यासाठी गोळ्या घेऊन येईल. तुम्ही कोणाला न विचारता तेच केलंत.

मी अमेरिकेत होते तेव्हा, दुसऱ्या राज्यात, पण आमच्याकडे सगळे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण द्यायचे. पुलमन म्हणून छोटंसं गाव आहे, युनिव्हर्सिटी म्हणजेच गाव. २००९च्या ऑगस्टच्या शेवटी सेमिस्टर सुरू झालं आणि दोन-एक आठवड्यांत फ्लूसारखी लक्षणं आहेत म्हणून सांगणाऱ्या मुलांचा आकडा दोन हजारावर गेला. सगळ्यांच्या टेस्ट नाही केल्या, करण्यात अर्थच नव्हता. आणि त्यांनी क्लासेस बंद केले नाहीत. मुलांना किट वाटलं, थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, टिश्यू, सॅनिटायझर असलं, आणि खोलीत पडून राहा म्हणून सांगितलं.

हे जमलं कशामुळे, तर त्या वर्षी सीडीसीनं (अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण संस्थेनं) कॉलेजांना दोन साध्या गोष्टी सांगितल्या होत्या. तापाची गोळी न घेता चोवीस तास ताप नसेल तोपर्यंत वर्गात येऊ नका, आणि कॉलेजांनी आजारपणासाठी डॉक्टरची चिठ्ठी मागू नये. दुसरी आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे ७५ टक्के हजेरी आणि मेडिकल सर्टिफिकेट. मुलगा तापात फणफणतोय, पण प्रॅक्टिकल चुकलं तर जर्नलवर सही मिळणार नाही, म्हणून क्रोसिन खाऊन येतो आणि अख्खी बॅच घेऊन बसतो. नाहीतर सर्टिफिकेटसाठी दवाखान्यात जाऊन गर्दी करतो. सर, तुमच्या मसुद्यात बाकी काही नसलं तरी चालेल, साथ जाहीर झाल्या दिवसापासून आजारपणाच्या गैरहजेरीला सर्टिफिकेट नको, मुलानं मेसेज केला की बास, एवढं प्राचार्यांच्या सहीनं लिहून घ्या.

भूगोलाचे_सर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रेक्टरबाई, तुमची पोस्ट प्रिंट काढून आमच्या रेक्टरना दिली.

हजेरीचं मी काल स्टाफरूममध्ये बोललो तर एक ज्येष्ठ सर म्हणाले, मग उद्यापासून अख्खं कॉलेज आजारी पडेल. म्हटलं सर, साथीत तसंही पडणारच आहे. पण ते काही पटलेले दिसले नाहीत. असो. परीक्षेचं काय करू? साथ ऑक्टोबरमध्ये आली तर? आणि बंद करायचा निर्णय आमचा आमचा घेता येतो का?

सीट_नंबर

परीक्षा विभागात अठरा वर्षं काढली म्हणून उत्तर देतो. आधी दुसरा प्रश्न. साथरोग कायदा १८९७चा, प्लेगच्या वेळचा, २०२०ला मार्चमध्ये आपल्या राज्यानं तोच लावला. पूर्ण बंदचा हुकूम वरून येतो, कलेक्टर नाहीतर आयुक्त, आणि येतो तेव्हा संध्याकाळी सहाला, उद्यापासून लागू. तुमच्या हातात त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस असतात. गॅदरिंग पुढे ढकलणं, मोठे वर्ग दोन बॅचमध्ये घेणं, लायब्ररीत एक सोडून एक खुर्ची, हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. दोनशेच्या वर्गात किती मुलं ताप म्हणून नाहीत हे रोज सकाळी दहाच्या आत एका माणसाकडे आलं पाहिजे, नुसती गैरहजेरी नाही, तापानं गैरहजर. तो आकडा सलग तीन दिवस चढला तर कोण कोणाला फोन करणार ते लिहा.

आता परीक्षा. २०२०चं तुम्हाला आठवतच असेल. राज्य म्हणालं अंतिम वर्षाची परीक्षा नको, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) म्हणाली ३० सप्टेंबरच्या आत घ्याच, प्रकरण सुप्रीम कोर्टात, २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, तारीख फार तर यूजीसीला विचारून पुढे घ्या. तोपर्यंत मुलं लटकलेली आणि आम्ही पण. मग ऑक्टोबरमध्ये एमसीक्यू, मोबाइलवर, रेंजसाठी पोरं टेकडीवर जाऊन बसलेली. मी त्यातून एवढंच शिकलो की परीक्षा घ्यायची की नाही हा निर्णय आपला नसतो, पण ज्या दिवशी सगळं थांबेल त्या दिवशी मुलाच्या नावावर काय जमा आहे ते आपल्या हातात असतं. अंतर्गत गुण सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात एकदम भरायची आपली जी सवय आहे ना ती मोडा. दर तीन आठवड्यांनी काहीतरी छोटं घ्या आणि त्याच आठवड्यात सिस्टिमला चढवा. २०२०ला कित्येक सरांचे गुण त्यांच्या वहीत होते, वही स्टाफरूमच्या कपाटात, कॉलेजला कुलूप, आणि सर गावी.

फ्लू असेल तर रद्द बिद्द काही करायला लागू नये, सहा-आठ आठवडे सरकवायचं आणि डबल शिफ्टमध्ये उरकायचं. प्रश्नपत्रिकेचे दोन सेट जास्तीचे तयार ठेवा, कारण आजारी पडलेल्यांची फेरपरीक्षा लगेच घ्यावी लागेल, पुढच्या वर्षी नाही.

पांढरा_उंदीर

फार्मसी कॉलेजातून. लॅब विसरू नका लोकहो. आमच्याकडे अ‍ॅनिमल हाउस आहे, उंदरांना सुट्टी कळत नाही. लॉकडाउनमध्ये आमचा एक शिपाई रोज बारा किलोमीटर सायकलनं यायचा, खाणं-पाणी घालून जायचा, आणि त्याला पहिले चार दिवस नाक्यावर अडवला कारण पासवर नाव सरांचं होतं, सर कधी पिंजऱ्यापाशी गेलेच नव्हते. पास कामाच्या माणसाच्या नावानं काढायचा. तुमच्या मायक्रोमध्ये कल्चर, म्हणजे वाढवायला ठेवलेले जंतू असतील, ते कोण बघणार, फ्रीजरची लाइट गेली तर जनरेटरचं डिझेल कोण आणणार, ऑटोक्लेव्ह बंद करून कोण जाणार. एका कामाला तीन नावं लिहा. दोन पुरत नाहीत, नवराबायको एकाच डिपार्टमेंटला असतात, घरात एकाला ताप म्हणजे दोघं गेले. आमच्याकडे हेच झालं.

व्हाउचर_नं_१७

तीन नावं हे बेस्ट. मी अकाउंट्सला आहे, आमच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. साथीत पगार झाला नाही तर बाकी सगळे आराखडे गेले तेल लावत. पगारबिल सेवार्थमध्ये, म्हणजे सरकारच्या पगाराच्या सिस्टिममध्ये भरणारा एक, त्यावर पुढे मान्यता देणारा एक, डिजिटल सहीचा डोंगल एकाच्या ड्रॉवरमध्ये आणि त्या ड्रॉवरची किल्ली त्याच्या घरच्या जुडग्यात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर पुढे पाठवायचे तर ओटीपी एका मोबाइलवर, तो मोबाइलवाला तापानं झोपलेला. माझं ऐका सर, मसुदा लिहायच्या आधी नुसती यादी करा, कुठला पासवर्ड, कुठला ओटीपी, कुठली किल्ली कोणाकडे.

आणि तासिकावाल्यांचं लिहा हो. तास झाला तर पैसे, कॉलेज बंद तर शून्य. तो माणूस ताप असला तरी येणार, त्याला दुसरा इलाजच नाही. सिक्युरिटी आणि सफाईवाले काँट्रॅक्टचे, त्यांचं पण तेच. यांचे आजारपणाचे दिवस भरून द्यायची तरतूद मॅनेजमेंटकडून आत्ता मंजूर करून घ्या. बाकी सगळं फुकटात होणारं आहे, खरा खर्च इथे आहे, आणि म्हणून इथेच ठराव अडकेल.

पीएसएमवाली

+१. दांडी मारायची ऐपतच नसलेला माणूस घरी राहा सांगून राहत नाही.

भूगोलाचे_सर

मंडळी, थोडा उशीर झाला, सॉरी. व्हाउचर साहेबांचं ऐकून मसुदा बाजूला ठेवला आणि गेल्या बुधवारी प्राचार्यांच्या परवानगीनं एक प्रयोग केला. हेडक्लार्क, एक रेक्टर, मायक्रोच्या मॅडम आणि लॅबचा शिपाई, या चौघांना आज तुम्ही आजारी आहात असं समजा म्हणून लायब्ररीत बसवलं, फोन बंद, कोणी काही विचारायला जायचं नाही. बाकीच्यांनी दिवस चालवून दाखवायचा.

साडेअकराला पहिलं काम अडलं. एका मुलीचं बोनाफाइड पाहिजे होतं, गोल शिक्का हेडक्लार्कच्या कपाटात. बारा वाजता कळलं की मुलींच्या हॉस्टेलच्या मागच्या गेटची किल्ली कोणाकडेच नाही, रेक्टरना पण नंतर विचारलं तर म्हणाल्या मी रुजू झाल्यापासून बघितली नाही. इन्क्युबेटर चालू आहे का बंद हे सांगता येईल असा माणूस कॉलेजात दुसरा नव्हता. आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा ओटीपी जातो कुठे हे शोधायला मजा आली, तो २०१९ला रिटायर झालेल्या भाऊसाहेबांच्या नंबरवर जातो. आमचा क्लार्क इतकी वर्षं त्यांना फोन करून घेतोय, भाऊसाहेब शेतात असले की त्या दिवशी अर्ज पुढे जात नाहीत, आणि हे फक्त त्या दोघांनाच माहीत होतं.

तर आता मसुदा चार पानांचा झालाय. पहिली दोन पानं नुसत्या नावांची, प्रत्येक कामासमोर तीन. हजेरीचा मुद्दा प्राचार्यांनी मान्य केला, मात्र मेसेज मुलाकडून नाही, पालकाच्या नंबरवरून पाहिजे म्हणाले, ठीक आहे. तासिकावाल्यांच्या पैशाचा ठराव संस्थेकडे पाठवलाय, उत्तर नाही. मेसच्या करारात ओळ घातली, मेसवाला विचारतोय मग त्या दिवसांत पान केवढ्याला धरायचं. रेक्टरबाई, तुम्ही केवढ्याला धरलं असतंत?

रेक्टरबाई

नेहमीचाच दर द्या त्याला, पण पानं कमीत कमी पन्नास धरून, असली तरी आणि नसली तरी. तो खूश राहील. आणि मागच्या गेटचं कुलूप तोडून नवीन लावा आधी, साथ येवो न येवो.